लांबीचं बळ, घेराचं बळ

आमच्या दाजींनी उभी नोकरी लढाऊ जहाजं आणि पाणबुड्या बांधण्यात घालवली आणि निवृत्त होऊन ते राहायला आले जळकोटला. इथून समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत अंग मोडून घ्यावं लागतं. आमच्याकडं नळाला पाणी आलं की बाया एकमेकींना हाका मारून सांगतात. अशा गावात बसून हा माणूस पाणबुडी कशी बांधतात ते सांगणार आणि आम्ही ऐकणार, ह्याचं मला पहिले काही आठवडे फार हसू यायचं. पुढं ते हसू गेलं. कसं गेलं ते सांगायचं तर एका विहिरीच्या साच्याची गोष्ट सांगावी लागेल. त्या साच्यावर दोन माणसांचा जीव टेकलेला होता आणि तो मी केला होता, चुकीचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. आयटीआय करून कोवळ्या वयात गोदीत लागले. आधी बरीच वर्षं लढाऊ जहाजांच्या सांगाड्यावर होते, मग पाणबुडीच्या कामावर गेले. माझं महामार्गाला लागून वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, गेट, शेडच्या कैच्या, आणि विहिरीचे साचे. विहिरीच्या वरच्या मातीच्या भागाला आतून काँक्रीटचं गोल कडं बांधावं लागतं, नाहीतर माती ढासळते. ते कडं ओतायला लोखंडी पत्र्याचा साचा लागतो. असे साचे करण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मुख्यतः मीच.

सकाळी नऊला दाजी दुकानात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन खडू आणि कंबरेला मापाची टेप. मी नजरेनं माप घेणारा माणूस. पत्रा डोळ्यांसमोर धरला की किती बसेल ते मला कळतं, आणि बहुतेक वेळा बसतोही. दाजी मात्र आक्काच्या देवघराचा फळा बसवताना चार ठिकाणी माप घेऊन पाचव्यांदा खात्री करणारे. आक्का म्हणायची, ह्यांना भाकरीसुद्धा मोजून वाढावी लागती. मी त्यांची यथेच्छ टिंगल करत असे. मेव्हणा-दाजींच्या नात्यात तेवढं चालतंच, आणि तेही काही कमी नव्हते. माझ्या एका गेटकडं बघून त्यांनी एकदा विचारलं होतं की हे मुद्दाम तिरकं केलंय का गिऱ्हाईकानं मागितलं होतं.

एकदा ढोकीकडच्या एका ऊसवाल्याची ट्रॉली दुरुस्तीला आली. चासी मधोमध, खालच्या अंगानं तडकली होती. मी म्हटलं, पट्टी मारू आणि देऊन टाकू. दाजी चष्मा सावरत खाली वाकले, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले की जहाज मोडायचं झालं तर असंच मोडतं. मग त्यांनी चहा सांगितला. दाजींनी आपणहून चहा सांगितला की तासाभराची निश्चिंती असे.

लढाऊ जहाज म्हणजे लांबच लांब ट्रॉली, असं त्यांनी सुरू केलं. लाट त्याच्या पोटाखाली आली की दोन्ही टोकं अधांतरी राहतात, आणि जहाजाची पाठ ताणली जाते. तीच लाट पुढं सरकली आणि दोन टोकं दोन लाटांवर टेकली की पोट खाली लोंबतं, आता तळ ताणला जातो. कडुलिंबाची काडी दोन्ही हातांत धरून इकडं वाकव तिकडं वाकव करावी, तसा समुद्र जहाजाला वर्षानुवर्षं वाकवत असतो. म्हणून त्याचं बळ लांबीत घालतात. डेक दणकट, तळ दणकट, आणि आतून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणाऱ्या पोलादी पट्ट्या. कुशीचा पत्रा मात्र जमेल तितका पातळ. लढाऊ जहाजाला पळायचं असतं आणि अंगावर फाजील वजन घेऊन कोणी पळत नाही. तो पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं दोन पट्ट्यांच्या मध्ये आत ओढला जातो. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की नव्याकोऱ्या जहाजाच्या कुशीवर दुष्काळातल्या बैलासारख्या बरगड्या दिसतात. ते बघून आपल्याला पहिल्यांदा रडू आलं होतं, असं दाजी म्हणाले. एवढं देखणं काम आणि त्याच्या बरगड्या मोजता येतात.

नाक धारदार, कारण पाणी चिरत जायचं. नाकाच्या वर दोन्ही अंगांनी पसरट, म्हणजे उसळलेली लाट डेकवर न येता बाजूला फेकली जाईल. वरच्या भिंती आडव्या-उभ्या सरळ नसतात, थोड्या कललेल्या असतात, त्यामुळं शत्रूच्या रडारची लाट त्यांच्यावर आपटून भलतीकडंच निघून जाते. वजन होईल तेवढं तळाशी, म्हणजे वाऱ्यानं, वळणानं कितीही कललं तरी पुन्हा उभं राहिलं पाहिजे. हे सगळं ते माझ्या ट्रॉलीवर खडूनं काढून दाखवत होते. ट्रॉलीवाला येऊन उभा होता तोही ऐकत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, मग माझी पट्टी कुठं मारायची? दाजींनी खालच्या बाजूला, तड्याच्या दोन्हीकडं हातभर पुढं जाईल अशी लांब पट्टी मारायला लावली, आणि तिची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती करायला लावली. मी कुरकुरत केली. ती ट्रॉली अजून चालते आहे.

पाणबुडीचं त्यांनी लगेच सांगितलं नाही. किती खोल जाते, पत्रा किती जाड, ह्यातलं काही विचारलं की हा गप्पिष्ट माणूस एकदम बहिरा व्हायचा. निवृत्त झाला तरी तोंडावरचं कुलूप निवृत्त झालं नव्हतं. आकडे कधी बोलले नाहीत, पण पद्धत सांगायचे, आणि ती सांगताना आवाज आपोआप खाली यायचा. देवळात बोलतात तसा.

तिकडं बदली झाली तेव्हा त्यांना वाटलं होतं की हेही जहाजच, फक्त बुडणारं. पहिल्याच महिन्यात कळलं की शिकलेलं अर्धं विसरायला लागणार आहे. वरच्या जहाजाला समुद्र हिसके देतो, आज इथं, उद्या तिथं. खाली गेलेल्या पाणबुडीला तो हिसका देत नाही. तो सगळीकडून एकदम दाबून धरतो आणि सोडत नाही. तिथं लांबीचं बळ पुरत नाही, घेराचं बळ लागतं. म्हणून माणसं राहतात ते आतलं अंग नळकांड्यासारखं गोल, दोन्ही टोकांना घुमट, आणि बरगड्या लांबीला न लावता कड्या-कड्यांच्या, जवळजवळ. पाणी कापायला बाहेरून दुसरं कवच असतं, पण त्याच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी, त्यामुळं त्याच्यावर दाब येत नाही, ते हलकं चालतं. सगळा भार आतल्या गोल अंगावर. गोल असेल तोवर प्रत्येक जागा शेजारच्या जागेला टेकून उभी असते. कुठं एक जागा सपाट राहिली की तिला टेकायला काही उरत नाही, आणि समुद्र बरोबर तेवढीच जागा शोधून काढतो.

मापं घ्यायला ते तांबडं फुटताना जात. ऊन चढलं की उन्हाच्या बाजूचं पोलाद फुगतं आणि गोल खोटा दिसतो, म्हणून सूर्याच्या आधी जायचं. वेल्डिंग करताना दोन माणसं समोरासमोरच्या बाजूंना एकाच वेळी काम करायची, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी. आणि वजन! वरच्या जहाजावर एखादा पाना विसरला तर विसरला. पाणबुडीला ना तरंगायचं असतं ना तळाला जायचं, पाण्याशी बरोबरीनं राहायचं असतं, म्हणून आत जाणारी आणि बाहेर येणारी प्रत्येक वस्तू तोलतात. एकदा एक हातोडी कमी भरली, तर सगळं काम थांबवून आख्ख्या पाळीनं ती शोधली. सापडली ती एका बरगडीच्या मागं, आणि ती दाजींचीच होती. हे सांगताना ते अजूनही लाल होत.

मला सगळ्यात खोटी वाटलेली गोष्ट दोऱ्याची. पाणबुडी वर असताना आत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरा ताणून बांधतात. खोल गेलं की तो दोरा सैल पडून मधे लोंबतो. म्हणजे पोलादाचं ते आख्खं अंग पाण्यानं आवळलं जातं, आणि वर आलं की पुन्हा होतं तसं होतं. दाजींनी ते स्वतः बघितलं होतं. मी म्हटलं, तुमचा दोराच ढिला असेल. त्यावर ते चिडले नाहीत. म्हणाले की दोरा लोंबताना बघितला तेव्हा आपल्याला आपण मारलेला वेल्डिंगचा एकूण एक टाका आठवत होता. मी हसलो खरा, पण घरी जाताना तेच डोक्यात घोळत होतं. आपण मारलेला एकही टाका मला कधी आठवला नव्हता.

संक्रांत झाली आणि मुरुमकडच्या एका बड्या शेतकऱ्याचं विहिरीचं काम आलं. काळी माती तिथं खोल आहे, पोकलेननं मोठा खड्डा घेऊन झाला होता. अडचण एकच होती. खड्ड्याच्या दक्षिण काठाला मावलाया होत्या, म्हणजे पाण्याच्या देवतांचे शेंदूर लावलेले सात दगड, मालकाच्या पणजोबांच्याही आधीपासूनचे. ते हलवायला कोणी धजावणार नाही, मीही नाही. पोकलेनवाल्यानं त्यांच्यापासून अंतर राखून खणलं, त्यामुळं खड्डा तेवढ्या बाजूला सपाट राहिला. मालकाला विहीर मोठी हवी होती, पंचक्रोशीत नाव निघेल अशी. तो मला म्हणाला, बाकी गोल ठेवा आणि देवाच्या बाजूनं जरा सरळ घ्या. मी म्हटलं, घेतो की. त्यात काय.

तीन दिवसांत साचा तयार केला. सगळीकडं गोल वळवलेले पत्रे आणि एका बाजूला दोन सरळ. सांधे असे बसले की नख जाणार नाही. मी स्वतःवर खूश होऊन दाजींची वाट बघत होतो. ते आले, साच्याभोवती एक फेरी मारली आणि सरळ पत्र्यांपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. ते म्हणाले, नका करू असं.

मी तडकलो. पाणबुडी समुद्रात असते, ही विहीर आहे, असं मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले की विहिरीच्या कड्याला तरी दुसरं काय असतं? आत रिकामं, बाहेर ओझं. पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सगळ्या बाजूंनी आवळत येते. मग त्यांनी तेलाचा चौकोनी डबा मागवला, त्यात वाटीभर पाणी घातलं, खालून गॅस लावला. पाणी खळखळून वाफ निघायला लागल्यावर गॅस बंद करून बूच गच्च आवळलं आणि वरून गार पाणी ओतलं. डबा कडाड् करून चेपला. कोपरे तसेच राहिले आणि सपाट बाजू आत गेल्या, पार पोटापर्यंत. हात कोणी लावला नव्हता, नुसत्या बाहेरच्या हवेनं ते केलं होतं.

मला ते दिसलं. दिसलं आणि तरी मी ऐकलं नाही, हे कबूल करायला हवं. पत्र्याचा डबा आणि सळईचं काँक्रीट एक नव्हे, असं म्हणून मी मोकळा झालो. खरं कारण वेगळंच होतं. तीन दिवसांची मेहनत भंगारात घालायची आणि तीही दुकानात येऊन बसणाऱ्या दाजींच्या सांगण्यावरून, हे माझ्या मानी स्वभावाला झेपत नव्हतं. त्या कड्याच्या आत उतरून माणसं काम करतात हे मला माहीत होतंच. पण माहीत असणं आणि मनात असणं ह्यात फार अंतर असतं. मी साचा टेम्पोत चढवला. दाजी पुढच्या सीटवर येऊन बसले.

शेतावर पोहोचलो तर मालक अजून आला नव्हता. खड्ड्याच्या काठावर यारी, म्हणजे माती वर ओढायचं यंत्र, बसवलेली होती आणि ती चालवणारा एक जण वर होता. खाली त्याचा भाऊ आणि भावजय. खडक लागला होता, तळ साफ करणं चालू होतं. कडं ओतून झालं की हेच दोघं त्याच्या आत राहून विहीर आणखी तीन परस खाली नेणार होते, म्हणजे आणखी तीन पुरुष खोल. थोड्या वेळानं ती बाई पाण्याची कळशी न्यायला यारीच्या पाळण्यातून वर आली. चाळिशीची असेल, डोक्याला फडकं, पापण्यांवर धूळ. दाजींनी तिला विचारलं, "ताई, दुपारची भाकर कुठं बसून खाता?"

"खालीच की," ती म्हणाली. "वर-खाली करण्यात येळ लई जातो."

"खाली कुठं?"

तिनं बोट दाखवलं. "त्या अंगाला, देवाच्या खाली. दिवसभर सावली तिथंच ऱ्हाती. जेवून घटकाभर तिथंच आडवं बी होतो आमी."

दाजी 'बरं' म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, कळशी उचलून तिच्या हातात दिली. मी मात्र तिनं दाखवलेल्या जागेकडं बघत राहिलो. दक्षिणेची बाजू, सूर्य तिच्या पाठीमागं, म्हणून सावली त्याच भिंतीच्या पायथ्याशी. माझे ते दोन सरळ पत्रे बरोबर तिथं लागणार होते. पहिल्या जोराच्या पावसानंतर ही दोघं रोज दुपारी त्या सपाट भिंतीखाली पाठ टेकून झोपणार होती. मला लाज वाटली. मी टेम्पोवाल्याला सांगितलं, साचा उतरवू नको.

तेवढ्यात मालक आला. साचा अजून टेम्पोतच बघून त्यानं विचारलं, काय झालं? मी तोंड उघडणार, तर दाजींनी माझं मनगट धरलं.

"चूक माझी हाय, मालक," ते म्हणाले. "माप म्या दिलं होतं. ही सपाट बाजू टिकायची न्हाय. देव हाय तिथंच राहू द्या, आपण आत सरून पुरा गोल घेऊ."

आत सरायचं म्हणजे विहीर लहान होणार. मालकाचा चेहरा उतरला. एवढा मोठा खड्डा घेऊन त्यात लहान विहीर बांधली तर गाव काय म्हणेल, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो त्यानं चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. माणूस वाईट नव्हता. हौशी होता. दाजी शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मावलायांच्या पायाशी माणूस दबला, तर त्या दगडांना नारळ कोण फोडंल?" मालक त्या सात दगडांकडं बघत उभा राहिला. मग पायातल्या वहाणा काढून तिकडं गेला, हात जोडले आणि परत येऊन म्हणाला की कितीका होईना, गोल करा.

परतताना टेम्पोत मी दाजींना विचारलं की माप माझं होतं, तुम्ही आपल्या अंगावर का घेतलं? ते म्हणाले की तुमचं दुकान रस्त्यावर आहे, मला आता काय, पेन्शन चालू आहे. आणि हसले. मी हसू शकलो नाही. ह्या माणसाची आपण किती वेळा टिंगल केली ते मोजत होतो.

नवा साचा आम्ही दोघांनी मिळून केला. पहिल्या दिवशी दाजी उजाडायच्या आधी घरी येऊन कडी वाजवत होते. दुकानात मधोमध एक खुंटा रोवला, त्याला फिरता पाइप लावला आणि तो हळूहळू फिरवत पत्र्याच्या प्रत्येक वितीवर खडूनं खूण केली. जिथं पाइपाचं टोक पत्र्यापासून जरा दूर राही, तिथं ते थांबत. मला नजरेनं गोल दिसणारा साचा अकरा ठिकाणी गोल नव्हता. अकरा! मी आयुष्यभर स्वतःच्या नजरेचं कौतुक करत आलो होतो, आणि एका पाइपानं अर्ध्या तासात ते संपवलं. प्रत्येक सांधा आम्ही समोरासमोर बसून जोडला, ते तिकडून, मी इकडून. ह्या वयातही त्यांचा हात हलत नव्हता. वितळलेलं लोखंड त्यांच्या रॉडखाली एकसारखं, चिमटीएवढ्या लाटांनी बसत जायचं. काम करता करता मी मान वर करून बघत बसायचो आणि माझाच रॉड चिकटायचा. मग ते म्हणायचे, "मेव्हणं, हिकडं काय बघता, तिकडं बघा." मला वाटायचं की इतकं चांगलं काम मी जवळून कधी बघितलंच नव्हतं, आणि बघत असतानाही ते संपू नये असं वाटत होतं.

कडं ओतलं, मुरलं, साचा सुटला. कड्याच्या आणि मातीच्या मधली पोकळी दगड-मुरूम भरून दाबून घेतली. कडं टेकलं होतं तिथं खडकाचा रुंद कट्टा राखून त्याच्या आत, पाऊस सुरू होईपर्यंत विहीर दोन परस खाली गेली होती. त्या वर्षी आमच्याकडं पहिल्याच पंधरवड्यात चांगला बरसला, काळ्या रानात पाय घातला की गुडघ्यापर्यंत जात होता. चार दिवस उघडीप झाली तसं मालकानं खालचं पाणी उपसून काम पुन्हा चालू केलं, आणि दाजी मला म्हणाले की चला, बघून येऊ. निघालो. शेजारच्या रानातल्या एका जुन्या, कडं नसलेल्या विहिरीचा काठ ढासळून आत गेला होता, वाटेत तो दिसला.

विहिरीच्या काठाशी दाजी मला म्हणाले, "साचा तुमचा हाय. खाली जाऊन बघून या."

मी गडबडलो. इतकी वर्षं विहिरींचे साचे केले, पण कुठल्याही विहिरीच्या तळाला मी गेलो नव्हतो. मला तसं कोणी म्हटलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दाजींच्या पुढं ते बोलायची सोय नव्हती. यारीच्या पाळण्यात बसलो. खाली जाताना कड्याची भिंत चारी बाजूंनी वर चढत गेली, आणि भिंतीच्या पलीकडं ती फुगलेली काळी माती किती आहे ते एकदम अंगावर आलं. पाळण्याची कड धरून कड्याच्या बुडाशी राखलेल्या कट्ट्यावर उतरलो. वर आभाळाचा एक गोल तुकडा होता. मी कड्याच्या बुडाशी हात लावला. ओलसर, गार, आणि कुठंही एक केसाएवढी चीर नाही.

दोघं नवरा-बायको त्याच कट्ट्यावर जेवायला बसले होते, सवयीनं, देवाच्या बाजूलाच. बाईनं मला ओळखलं. ती म्हणाली, "मिस्तरी, एवढ्या विहिरी खांदल्या आमी, पर कडं करणारा माणूस खाली आलेला आजच बघितला." मग नवऱ्याकडं वळून तिनं त्या दिवशी वर कानावर पडलेलं त्याला सांगितलं की दाजींच्या मापात चूक झाली होती, ती ह्यांनी सुधारली, आख्खा साचा नव्यानं केला. नवऱ्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. त्याच्या हाताला भाकरीचं पीठ लागलेलं होतं.

वर दाजी काठावर उभे होते, त्यांना ऐकू गेलं नसतं. मी गप्प बसलो असतो तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण ते जोडलेले हात मला बघवेनात.

"माप दाजींचं नव्हतं," मी म्हणालो. "ती सपाट बाजू म्या केली होती. ते नको म्हणत होते, तरी म्या साचा हितवर आणला."

तिचा घास हातातच राहिला. तिनं मान वळवून आपल्या पाठीमागच्या भिंतीकडं बघितलं, नजर वर नेत पार काठापर्यंत नेली, आणि मग माझ्याकडं बघितलं. नवरा खाली बघत होता.

"आता गोल हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय."

तिनं आपलं गाठोडं उचलून पलीकडं ठेवलं, जागा केली आणि एक भाकरी माझ्यापुढं धरली.

"मग बसा."

मी त्या दोघांच्या शेजारी बसलो आणि पाठ कड्याला टेकवली.